पाठ न झालेला शब्द

लाँड्रीचं दार धाडकन उघडलं आणि जनावरांचे डॉक्टर तरातरा आत आले. आले ते थेट पाठ फिरवूनच उभे राहिले. कॉलरला मागे टाचणीनं एक चिठ्ठी लटकत होती.

"वाचा," ते म्हणाले. "सकाळपासून सगळा दवाखाना वाचतोय. मी सोडून."

इस्त्री करणाऱ्या पोरीनं वाचलं. स्टबर्न. अगं बाई, म्हणजे हट्टी! तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तुम्हाला नाही हो म्हटलं... तो माझा शब्द आहे."

त्याचं असं होतं, की दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या हॉटेलात लाँड्रीची सुपरवायझर हवी होती आणि मुलाखत सगळी इंग्रजीत. आता मामाच्या लाँड्रीत दिवसभर इस्त्री फिरवणाऱ्या पोरीनं अभ्यास करायचा कधी? म्हणून तिनं रीत काढली. समोरच्या कपड्याला शब्दाची चिठ्ठी टाचायची, इस्त्रीबरोबर तो घोकायचा, आणि पाठ झाला की चिठ्ठी काढायची. नाहीच झाला, तर राहू द्यायची. ती तशीच राहिलेली चिठ्ठी मामानं कपड्यांबरोबर बांधून टाकली होती.

"म्हणजे राहिली ती न जमलेल्या शब्दाची?" डॉक्टरांना हसू फुटलं. "मग हा मी जमवून देतो. काल एका बोकडाला गोळी द्यायला गेलो. तासभर तोंड उघडेना. शेवटी गोळी सोडून माझी बाही खाल्ली. स्टबर्न!"

ती इतकी हसली, की शब्द जन्मात विसरणं शक्य नव्हतं.

मग काय, डॉक्टरांचे शर्ट भलतेच मळायला लागले. 'रिलक्टंट' शिकवायला ते तीनदा दारापर्यंत जाऊन परत आले. "जायचं तर आहे... पण पाय निघत नाही. असा."

"कळलं," ती मान खाली घालून म्हणाली.

"एवढ्यात? मी अजून दोनदा परत येणार होतो."

"या की... कोण नको म्हणतंय?"

आतून मामा खाकरला. "डॉक्टर, शर्ट इथं आणि तुमचे पेशंट तिथं बोंबलतायत!"

मुलाखत झाली. नोकरी मिळाली. मामानं दुकानभर पेढे वाटल्यासारखी बातमी वाटली. डॉक्टरांनी तोंडभरून अभिनंदन केलं, पण दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्याही नाही. तिचा जीव नुसता टांगणीला लागला. इतके शब्द शिकवले या माणसानं, आणि स्वतःला एक बोलता येऊ नये?

निघायच्या आदल्या दिवशी तिनं त्यांचे राहिलेले शर्ट मामाबरोबर दवाखान्यात पाठवले आणि दाराकडे डोळे लावून बसली.

डॉक्टर धावतच आले. हातात चिठ्ठी, चेहरा पार उतरलेला.

"फेअरवेल? असा निरोप घेतात? कॉलरला टाचून?"

"रीत विसरलात वाटतं," ती म्हणाली. "चिठ्ठी कुठल्या शब्दाची राहते?"

ते हळूच म्हणाले, "न जमलेल्या..."

"सकाळपासून इस्त्री फिरवत होते त्या शर्टावर. अर्थ येतो हो. पण नाही जमत."

डॉक्टर मटकन बाकावर बसले. "मी तुझ्या वाटेत यायला नको म्हणून तोंड लपवून बसलो होतो. मूर्ख आहे मी."

"तो शब्द येतो मला. इंग्रजीतसुद्धा."

"मग आता ऐक! तू जा, ती नोकरी कर. कुत्री-मांजरं तिथंही आजारी पडतातच की. दवाखाना हलवायला महिना-दोन महिने लागतील... तोवर थांबशील माझ्यासाठी?"

"आधी ते सांगा. इतके दिवस शर्टाच्या मागे लपवलंत ते."

"आय..."

"अंहं. इंग्रजीत नको. ते मी पाठ केलंय. मराठीत."

जनावरांपुढे कधी न कचरणारा तो माणूस घामाघूम झाला. "तू... मला फार आवडतेस गं."

तिनं पुढे होऊन त्यांच्या हातातली चिठ्ठी घेतली, आणि परत त्यांच्याच कॉलरला टाचली.

"राहू दे," ती म्हणाली. "हा शब्द आपल्याला कधीच पाठ करायचा नाही."