रिकाम्या पोर्टची दोन मिनिटं

जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनच्या एका जुन्या प्रयोगशाळेच्या तळघरात देवश्री आली ती किरकोळ कामासाठी. तिथला लिनक्सचा संगणक सुरू व्हायला फार वेळ घ्यायचा, एवढीच तक्रार. पडद्यावरची एक ओळ वाचून तिने निदान केलं. संगणकाला नेटवर्कचे दोन पोर्ट होते. एकात केबल होती, दुसरा रिकामा. आणि हा शहाणा दर वेळी त्या रिकाम्या पोर्टवर कोणी जोडलं जातंय का, म्हणून दोन मिनिटं ताटकळायचा. मग नाद सोडून पुढे जायचा.

"एका ओळीचं काम आहे, काका. या पोर्टची वाट बघू नकोस, एवढंच त्याला सांगायचं."

वासुदेवकाका चमकले. हा संगणक त्यांनीच बसवलेला, आणि आता ते निवृत्तीला आले होते. "ती ओळ नको. थांबू दे त्याला."

"पण का?"

"आहे ते बरं आहे."

असलं उत्तर ऐकलं की देवश्रीचं डोकं फिरायचं. थोड्याच वेळात ग्राहकाकडचे अधिकारी लेंत्स येणार होते. संगणक त्यांच्यासमोर झटकन सुरू झाला तर तिची नोकरी पक्की. नाहीतर प्रोबेत्साइट, म्हणजे उमेदवारीचा काळ, संपताच नारळ. काका कॉफी आणायला गेले, तेवढ्यात तिने ओळ लिहिली आणि संगणक पुन्हा सुरू केला.

क्षणात सुरू झाला. भिंतीतल्या नळीतून सूं आवाज आला. शेजारच्या कोठारात रसायनांनी पेट घेऊ नये म्हणून नायट्रोजन सोडून तिथली हवा हुसकायची, हेच त्या संगणकाचं काम.

तेवढ्यात कोठाराच्या बंद दारामागे खुर्ची सरकली.

पावलं वाजली. घाईची, दाराकडे येणारी. अर्ध्यावरच अडखळली. मग काहीतरी जड जमिनीवर पडलं... आणि नुसती नळीची सूं सूं.

"लिहिलीस ना?" काका दारात कप घेऊन उभे होते.

"काका... आत कोण आहे?"

"कुणी नाही. कुलूप आहे. आता रसायनांचे डबे यंत्रच हलवतं." त्यांनी कप खाली ठेवले. "पूर्वी हॅर्मान बसायचा आत. तो बाहेर पडला की त्याचा संगणक याच पोर्टवरून कळवायचा, मगच वायू सुटायचा. एकदा वरून कुणीतरी घाई केली, वाट बघणं बंद केलं... नंतर केबल काढली. थांबणं मात्र मी राहू दिलं. तेवढ्यात तो दारापर्यंत पोचतो."

"आणि बाहेर?"

"बाहेर नाही येत. दाराशी थांबतो."

"आणि तुम्ही इतकी वर्षं इथे बसून ऐकताय? एकदा तरी हाक मारलीत?"

काका खिशातून कोठाराची किल्ली काढून नुसती हातात फिरवत राहिले. कमाल आहे या लोकांची, तिला वाटलं. वाट बघायची, पण तोंड उघडायचं नाही.

जिन्यात बूट वाजले. ओळ तशीच ठेवली असती तर नोकरी तिची होती. देवश्रीने ती पुसली, कोठारातला वायू उपसून घेतला आणि लेंत्स आत येताच संगणक पुन्हा सुरू केला.

पडदा थबकला. लेंत्सनी घड्याळाकडे पाहिलं. "आल्झो... अजून तसंच आहे की."

दारामागे खुर्ची सरकली. पावलं आली, दाराशी थांबली.

देवश्रीने काकांच्या हातातली किल्ली हिसकावली, कुलूप काढलं आणि दार सताड उघडलं. आत काळोख. उग्र, गार वास.

"हॅर्मान! राउस! चला, बाहेर या लवकर!"

लेंत्सनी आत डोकावून पाहिलं. आत कुणी नव्हतं. पण तिच्या पाठीमागे रिकाम्या पोर्टचा दिवा हिरवा झाला आणि पडद्यावरच्या ओळी भराभरा पुढे पळू लागल्या. देवश्रीने दार लोटून कुलूप घातलं. मग नळी सूं सूं करू लागली. या वेळी आत काहीच पडलं नाही.

"सुरक्षेची तपासणी," ती म्हणाली.

"गेनाऊ, अगदी बरोबर!" लेंत्स खूश झाले. "वेळही निम्म्याहून कमी लागला. पुढच्या कामालाही तुम्हीच या."

तिघं वर आले. लेंत्सनी बाहेरचं जड दार धरून ठेवलं. देवश्री बाहेर पडली. काका बाहेर पडले. लेंत्सनी दार सोडलं नाही. ते अंग चोरून बाजूला झाले, आतल्या दिशेने मान लववली.

"बिट्टे, आधी तुम्ही," म्हणाले, क्षणभर थांबले आणि मगच दार सोडलं.