चुरा झालेल्या कॉम्प्युटरचा बॅकअप

घरांचे नकाशे काढणाऱ्या त्या कंपनीत जुने कॉम्प्युटर रिटायर होत, पण त्यांचा बॅकअप तळघरातल्या खोलीत जपून ठेवला जाई. पुढेमागे एखाद्या घराची भिंत खचली, तर मूळ नकाशा दाखवता यायला हवा ना! ती खोली वहिनी सांभाळत. त्यांचा नवरा इथेच ड्राफ्ट्समन होता, म्हणून सगळ्यांच्या त्या वहिनी. तो गेला आणि ही नोकरी त्यांना मिळाली. त्याचा कॉम्प्युटरही रिटायर झाला. भंगारवाल्याच्या यंत्रात त्याचा चुरा होताना वहिनींनी स्वतः उभं राहून पाहिलं होतं.

नियम सरळ होता. शेवटचा बॅकअप आल्यापासून ठरलेली मुदत भरली, की तो आपोआप पुसला जाई. त्या आठवड्यात नवऱ्याच्या कॉम्प्युटरबरोबर रिटायर झालेल्या सगळ्यांचे बॅकअप पुसले गेले. त्याचा तेवढा राहिला. वहिनींनी पाहिलं, तर त्याचा शेवटचा बॅकअप आदल्या दुपारी आलेला.

"साहेब, चुरा झालेलं यंत्र बॅकअप कसं पाठवेल?"

"काहीजण रिटायर झाले तरी खुर्ची सोडत नाहीत, वहिनी," साहेब हसले. मग त्यांचा चेहरा पाहून आवाज उतरवून म्हणाले, "तारखेचा घोळ असणार. हाताने पुसून टाका. तुम्हाला जड जात असेल, तर दुसऱ्या कुणाला सांगतो."

"नको. मीच करते."

पुसण्याआधी एक फाईल उघडून बॅकअप धड आहे ना, हे बघायची पद्धत होती. वहिनींनी सगळ्यात नवी फाईल उघडली.

दोन खोल्यांच्या घराचा नकाशा होता. न्हाणीघराजवळचा तिरका कोपरा वहिनींनी लगेच ओळखला. त्या आणि त्यांची लेक राहत होत्या, तेच घर. नवरा गेल्यावर भाड्याने घेतलेलं. त्याने ते कधी पाहिलंच नव्हतं. तरी लेकीची कॉट जागच्या जागी होती. मागच्या रविवारी दोघींनी ढकलत नेऊन भिंतीला लावलेलं कपाटसुद्धा होतं. फक्त स्वयंपाकघराची खिडकी नव्हती. तिथे भिंत सलग काढली होती.

खिडक्या म्हणजे भिंतीला पाडलेली भोकं, असं तो म्हणायचा. साहेब लाल पेनाने त्याच्या नकाशात खिडक्या वाढवून घ्यायचे. घरीही दिवस मावळायच्या आत तो सगळ्या कड्या लावायचा. "घर कसं घट्ट पाहिजे," म्हणायचा. मायेनेच म्हणायचा.

वहिनींचं बोट बटणावर गेलं, पण दाबवेना. कसंही असलं तरी ती त्याच्या हातची रेघ होती. उद्या बघू, असं म्हणून त्या घरी निघाल्या.

बाहेर ऊन होतं, तरी स्वयंपाकघरात दिवा लावावा लागला. ओट्यासमोर सलग भिंत होती. तिच्यावर तेलकट थर बसला होता, वर्षानुवर्षांचा.

"इथली खिडकी कुणी बुजवली गं?"

"कुठली खिडकी?" लेकीने वहीतून मानही वर केली नाही.

वहिनी तशाच वरच्या मजल्यावर घरमालकीणकाकूंकडे गेल्या.

"अहो, तिथे खिडकी होती कधी?" काकू म्हणाल्या. "घर बघायला आलात तेव्हाच तुम्ही कुरकुरला होतात, धूर जायला वाट नाही म्हणून. विसरलात?"

दुसऱ्या दिवशी लेकीला शाळेला सुट्टी होती.

"चल माझ्याबरोबर ऑफिसला."

"आणि तिथे काय करू? तुझ्या तळघरात धूळ खात बसू? जा गं तू आई, मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

दुपारी नवा बॅकअप आला. वहिनींनी फाईल उघडली.

पुढच्या खोलीची खिडकी गेली होती. बाहेरच्या दाराची जागाही सलग होती. दार कुठल्या बाजूला उघडतं, ते दाखवणारा चतकोर गोल पुसला होता.

घर केवढं आहे ते कळावं, म्हणून ड्राफ्ट्समन नकाशात छोटी माणसं काढतात. या नकाशात दोन होती. कॉटवर एक, लहान. कॉटला खेटून एक, मोठं, पुरुषाचं.

तिसरं नव्हतंच.

वहिनींनी पुसायचं बटण दाबलं.

पडद्यावर अक्षरं आली. 'मूळ कॉम्प्युटर चालू आहे. बॅकअप पुसता येणार नाही.'

पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

त्यांनी घरी फोन लावला.

"बाळा, आहेस तशी बाहेर पड. वरच्या काकूंकडे जा."

"बाहेर?"

"हो, दार उघड आणि पळ!"

पलीकडे पावलं वाजली. मग भिंतीवरून तळहात फिरवल्याचा आवाज, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत.

"आई," लेक म्हणाली. तिच्या आवाजात भीती नव्हती, नुसतं नवल होतं. "दार कुठलं गं?"

वहिनी जिना चढून रस्त्यावर आल्या आणि धावत सुटल्या. धावता धावता त्यांनी पर्समधून किल्ल्या काढून मुठीत धरल्या. चौकात त्यांची पावलं आपोआप मंदावली.

त्यांनी मूठ उघडली. तळघराची किल्ली ओळखू आली. टेबलाच्या खणाचीही आली. तिसरी पितळेची होती, रोज वापरून गुळगुळीत झालेली.

ती कशाची, ते त्यांना काही केल्या आठवेना.