दुसऱ्या पाळीचा माणूस

चहा घ्या आधी. सांगते सगळं. साडेतीनला अजून वेळ आहे.

अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. परळच्या एका बंद गिरणीचं विणकामाचं खातं प्लायवूड मारून भाड्याने दिलं होतं. आमची पाच माणसांची काँप्युटरची कंपनी तिथे होती. माझे बाबा, कुशाबा, ब्याऐंशीच्या गिरणी संपाआधी त्याच खात्यात साच्यावर, म्हणजे मागावर होते. साचे केव्हाच भंगारात गेले होते, पण तेलाचा आणि सुताला लावायच्या, आंबलेल्या खळीचा वास काही भिंतींतून जात नव्हता.

काम साधंच होतं. परदेशातून टेपवर आलेला एक फुकटचा कंपायलर आमच्या पीसीच्या युनिक्सवर चालता करायचा. कंपायलर म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्रॅम मशीनला कळेल असा करून देणारा प्रोग्रॅम. हा आधी स्वतःलाच तीनदा घडवतो. दुसरी आणि तिसरी प्रत तंतोतंत जुळली, तरच काम झालं म्हणायचं.

तिसरी प्रत पुरी होईना. सकाळी कधीही सुरू करा, मशीन बरोबर साडेतीनला थांबायचं.

"शनिवारी गिऱ्हाईक येतंय, लतिका," मालकीण सुनेत्रा मॅडम म्हणाल्या. "जमलं नाही तर सोमवारपासून कुलूप."

घरात मिळवती मी एकटी. अगदी रडकुंडीला आले होते.

शेवटी डिबगर, म्हणजे चूक शोधायचा प्रोग्रॅम चढवला, तोही फुकटचाच. मशीन थांबलं की कुणी कुणाला कामाला लावलं, ती साखळी तो पार पहिल्या नावापर्यंत दाखवतो. पहिल्या जागी नावच नव्हतं. १४०७ एवढा आकडा होता. सगळा प्रोग्रॅम धुंडाळला. त्यात तो आकडा कुठेच नव्हता.

घरी जेवताना सहज बोलले. बाबांचा हात ताटातच राहिला.

"रघूचा बिल्ला नंबर..."

रघू त्यांचा साच्यावरचा जोडीदार. पहिली पाळी एकाची, दुसरी दुसऱ्याची. सोडवायला माणूस आल्याशिवाय साचा सोडायचा नाही, ही त्यांची रीत.

"संपाला वर्ष झालं होतं, बाय. घरात दाणा नव्हता. दोघांनी गुपचूप आत जायचं ठरवलं. तो सकाळी गेला. साडेतीनला मी त्याला सोडवणार होतो."

"मग?"

"फाटकापर्यंत गेलो. बाहेर संपावरची आपलीच माणसं उभी. पाय उचलेना..." बाबांनी ताट बाजूला सारलं. "तो साच्यावरून हलला नाही. दुसरी पाळीपण त्यानेच ओढली. तिथेच पडला, तो उठलाच नाही."

शुक्रवारी बाबा माझ्याबरोबर आले. धुतलेला खाकी सदरा, त्यावर खिळ्यावरून काढलेला स्वतःचा बिल्ला. सव्वातीनला प्लायवूडमागून एकच साचा चालल्याचा आवाज यायला लागला. खळीचा वास आला, ताज्या, गरम खळीचा. साडेतीनला पडदा गोठला. बाबांनी मशीनवर हात ठेवला.

"रघू... सोड आता. मी आलो."

पडद्यावरच्या ओळी पुढे सरकल्या. सहाला दोन्ही प्रती जुळल्या. एका अक्षराचा फरक नाही. मला हुंदका आवरेना.

"चला बाबा, घरी."

"सोडवायला कोण आलंय?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं, थट्टा करतायत. दंडाला धरून घरी नेलं. त्या दिवाळीत ते गेले.

माझी नोकरी टिकली. कंपनी इथे दादरला आली, ते जुनं मशीनही मी बरोबर आणलं. आताही ते साडेतीनला थांबतं. साखळीच्या टोकाला आता आकडा बाबांच्या बिल्ल्याचा असतो. मशीन लावलंच नाही तर बाबा कुठे जातील, या विचाराने मी ते रोज लावते.

बाबांना सोडवायला काय म्हणायचं ते मला ठाऊक आहे. पण म्हटलं, तर मला सोडवायला कोण येणार? मला तर मूलबाळही नाही. म्हणून साडेतीनला मी या दाराबाहेर उभी राहते. पाय उचलत नाही. चारला आत येते, तेव्हा कीबोर्डवर कापसाचे तंतू पडलेले असतात, बाबा कामावरून यायचे तेव्हा त्यांच्या केसांत असायचे तसे. रोज थोडे जास्त.

तीन पंचवीस झाले. उठा, आपण बाहेर उभं राहू.