थोरला आहे का घरात?

तो मोबाइलचा दिवा बंद कर रे आधी. गोष्ट कानांनी ऐकायची असते. आणि ही ऐकीव नाही; तोआननं स्वतः याच ओट्यावर बसून मला सांगितली, रडत रडत.

तोआन म्हणजे आपल्या साउचा मुलगा, सायगॉनला नोकरीला. साउ समुद्रात गेला तो परतलाच नाही, होडी तेवढी सापडली. त्याचे दिवस आम्ही गावानं केले. पोराला सुट्टी मिळाली नाही म्हणे, आणि सुतकबितक पाळायला त्याला वेळ नव्हता. पाच महिन्यांनी मात्र बायको दियेप आणि सात वर्षांची चाउ, दोघींना घेऊन शनिवार-रविवार हवापालटाला आला. बापासाठी नव्हती, आरामासाठी मिळाली हो सुट्टी!

चार वर्षांपूर्वीचा शनिवार, पौर्णिमेनंतरची दुसरी रात्र. साउच्या अंगणात शेगडीवर माकुळ मासे भाजत होते. बिअरला बर्फ हवा म्हणून तोआन चाउचं बोट धरून किनाऱ्याकिनाऱ्यानं निघाला. बर्फाच्या कारखान्याअलीकडे वाळूत काहीतरी काळं पडलं होतं.

"बाबा, ते कोण झोपलंय?"

मेलेला देवमासा. लहानसाच, होडीएवढा. तोआन शहरी झाला तरी इथलाच, त्याला वेगळं काय सांगायचं? ज्याला तो पहिल्यांदा दिसेल, तो त्या देवमाशाचा थोरला मुलगा. आरोळी ठोकून गाव गोळा करायचं, कपाळाला पांढरी पट्टी बांधून अंत्ययात्रेत पुढे चालायचं, सख्ख्या बापासारखं तीन वर्षं सुतक पाळायचं. आपण ते भाग्य समजतो. पण याला पुढच्या महिन्यात नव्या फ्लॅटमध्ये राहायला जायचं होतं, आणि सुतकात नवं घर करत नाहीत.

त्यानं चाउचे डोळे झाकले. "काही नाही. जुनं पिंप आहे."

"पिंपाला डोळे असतात?"

"तू काही पाहिलं नाहीस. आणि आईला सांगितलंस तर बघ!"

परतताना तो वरच्या रस्त्यानं आला. मी इथंच बसलो होतो. "काय रे, खालून गेलास नि वरून आलास?"

"वाळूत चप्पल रुतते, काका."

हसला मेला. मला तेव्हा काय माहीत!

रात्री दोनच्या सुमाराला त्याला जाग आली. दियेप गाढ झोपलेली. बाहेर ओली पावलं वाजली. पायरीशी थांबली.

"थोरला आहे का घरात?"

आवाज साउचा.

तोआननं श्वास रोखला. एवढंच म्हणायचं होतं रे... 'आहे'... म्हणवलंच नाही त्याला.

"थोरला... आहे का?"

त्यानं चादर तोंडात कोंबली. समुद्राची गाज थांबली होती.

तिसरी हाक आली. अगदी दाराशी.

आणि त्याच्या कुशीत, डोळे मिटलेल्या चाउनं ओ दिली.

"मी आहे, आजोबा."

मग काही नाही... काहीच नाही.

सकाळी खाली ढोल वाजायला लागला. गावाला देवमासा दिसला होता. तोआननं चाउच्या अंगावरची चादर ओढली. तिच्या कपाळाभोवती सुतकाची पांढरी पट्टी बांधलेली. ओलीचिंब. त्या घरात पांढऱ्या कापडाची चिंधीसुद्धा नव्हती. गाठ सुटेना, तेव्हा कात्रीनं कापली.

तसाच धावत आला माझ्याकडे. "काका, मी पाळतो सुतक. दहा वर्षं पाळतो! तिला सोडवा!"

"तुला विचारलं होतं ना रे," म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

पट्टीखालची कातडी पांढरीफटक होती. वर्षानुवर्षं पट्टी बांधून उन्हात वावरल्यासारखी. पोरगी आदल्या दिवशी तर गावात आली होती! डॉक्टर झाले, मलमं झाली. तीन वर्षं सरली की जाईल, या आशेवर तोआन होता. ती सरून वर्ष झालं.

परवा आली होती चाउ. केस कपाळावर ओढून फिरते आता. वाऱ्यानं उडाले तेव्हा मी पाहिलं. सगळं तोंड उन्हानं रापलंय. दोन बोटं रुंद तेवढी पट्टी अजून पांढरीच आहे.