पहिला घोट पाहुण्याचा

हॉटेलवाल्याने पहिला घोट घेतला आणि थेट बेसिन गाठलं.

"बाई, ही वाइन आहे की व्हिनेगर?"

नाकवालीचा चेहरा खर्रकन उतरला. वाइनचं दुकान चालवणाऱ्या काकूंच्या या पुतणीला तिथे सगळे नाकवालीच म्हणत. नुसत्या वासावरून वाइनचं वय सांगायची. आजची चाखणी जमली, की हॉटेलवाला तिला नोकरीवर घेणार होता. त्यासाठीच काकूंनी चोवीस वर्षांची स्पॅनिश रेड बाहेर काढली होती. ओकच्या पिंपात मुरलेली, एकुलती एक बाटली.

"तरी सांगत होते, अकरालाच उघडू नकोस," काकूंची लेक फणकारली. "पाच तास हवा लागली. मेली."

लेकीचा जळफळाट काकूंना नवा नव्हता. दोघी एका घरात वाढल्या, कौतुक मात्र एकीचंच झालं. हिनेच काही केलं असेल तर? पण छडा तर लावायलाच हवा होता. हॉटेलवाल्याला त्यांनी विनवण्या करून दहा मिनिटं बसवलं.

बाटलीतली वाइन ओतून ठेवलेली काचेची सुरई त्यांनी पांढऱ्या कागदावर तिरकी धरली. वाइनच्या कडेला जांभळी झाक होती. मग रिकामी बाटली हुंगली. तळच्या गाळाला अजून गोड वास होता.

"सुरईत ओतताना चाखलीस?"

"नाही काकू. पहिला घोट पाहुण्याचा, तुमचाच नियम. वास तेवढा घेतला. छान होता. मग एकला जेवायला गेले."

काकू लेकीकडे वळल्या. "तू त्या खोलीत गेली होतीस?"

"गेले होते, ग्लास पुसायला. जळते मी तिच्यावर, नाही कशाला म्हणू? पण म्हणून अशी वाइन नासवेन? आता तिची चव कुणालाच कळायची नाही!"

नाकवालीचा नवरा काउंटर सांभाळायचा. तो थर्मास काखेत मारून दारात उभा होता.

"जावईबापू, तुम्ही?"

"मी काउंटर सोडलाच नाही. पण वाईट वाटतं हो काकू. इतकी मऊ वाइन! आधी सुकं अंजीर, मग तंबाखू, आणि गिळल्यावरही जिभेवर रेंगाळते."

"थर्मास द्या बरं इकडे."

"चहा आहे त्यात."

"मग चहाच बघते," काकू म्हणाल्या. "हवेने जुनी वाइन मरते, पण पाच तासांत व्हिनेगर होत नाही. शिवाय जुन्या रेडची कड विटकरी होते. सुरईतली जांभळी आहे, म्हणजे कोवळी. गिऱ्हाइकांकडून परत आलेल्या नासक्या बाटल्यांतली. कुणीतरी अदलाबदल केली. नुसता जळणारा जुनी वाइन मोरीत ओतून मोकळा झाला असता. वाइन कळणाऱ्याच्याने ते होईना. आणि ही बाटली सकाळपर्यंत बंद होती, चाखली कुणीच नाही. मग रेंगाळते हे तुम्हाला कसं कळलं?"

त्याने थर्मास टेबलावर आपटला.

"नाकवालीचा नवरा! मला दुसरं नावच नाही इथे. आता हॉटेलातही तेच ऐकायचं?"

लेकीने रागाने आईकडे पाहिलं. काकूंनी मान खाली घातली.

नाकवालीने थर्मासमधली वाइन ग्लासात ओतली. कड विटकरी होती. हॉटेलवाल्याने घोट घेतला, डोळे मिटले, बराच वेळ उघडले नाहीत.

"अंजीर," तो पुटपुटला. "आणि तंबाखू."

नाकवाली नवऱ्याकडे वळली.

"मी नुसत्या वासावर विसंबले होते. चव तू सांगितलीस, तीही अचूक. एकदा माझ्यासमोर बोलला असतास, तर आज यांच्यापुढे दोन खुर्च्या मांडल्या असत्या मी."