राखीव टाकीतलं पाणी

गेले नऊ दिवस चंद्रतळावर कुणीच आजारी नव्हतं आणि कुणालाच बरं वाटत नव्हतं.

प्रयोगशाळेत शाल्मली तांडेलचा पाय एका जागी ठरत नव्हता. उठायची, नळ बघायची, बसायची, पुन्हा उठायची. तळाची जलचक्री तिच्या ताब्यात होती. सात माणसांचा घाम, मूत्र, श्वासातली वाफ, सगळं गाळून पुन्हा प्यायचं पाणी करणारं यंत्र. थेंबभर पाणी बाहेर टाकायची चैन चंद्रावर नव्हती. नऊ दिवसांपूर्वीच तिने त्यात नवीकोरी रेणुगाळणी बसवली होती आणि दिवसभर शीळ घालत हिंडली होती.

शीळ घालायला आणखी एक कारण होतं. उद्या तिला निरौषध दाखला मिळणार होता. उदासीवरची गोळी घेतघेतच ती इथे आली होती. गोळीने उदासी हटली खरी, पण तळहात घामेजायचे, जांभया आवरायच्या नाहीत आणि रडू म्हणून येत नसे. पृथ्वीवर एकदा सोडायला गेली, तर आठवडाभर अंथरुणातून उठता आलं नव्हतं. इथे मात्र दीड वर्षाने हळूहळू कमी करत बंद केली आणि काही म्हणजे काही झालं नाही. गोळीविना एकशे वीस दिवस काढले की गाडी चालवायची परवानगी, असा नियम. परवा गाडी दक्षिणेच्या विवराकडे निघणार होती, आणि ती चालवायची म्हणून शाल्मलीने दिवस मोजले होते.

आणि आता हे. झोप उडालेली, पाय वळवळताहेत, डोक्यात चुटचुट. तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

दार सरकलं. तळप्रमुख विश्राम पावगी आत आले, मागोमाग डॉक्टर रेहाना मुल्ला.

"काय तांडेल, उद्या दाखला," पावगी म्हणाले. "म्हणत होतो ना? मनात आणलं की एका दिवसात सुटतं. उगाच गोळ्यांचे लाड."

"सर, तुमचं गाऱ्हाणं सांगा तिला," डॉक्टर म्हणाल्या. "पाण्याचा संशय आहे मला."

पावगींनी कपाळ चोळलं. "मान वळवली की लोकरीचा स्वेटर काढताना होते ना, तशी चुटचुट. पण कवटीच्या आत."

शाल्मलीच्या हातातली नळी हवेतच राहिली. पृथ्वीवर गोळी सोडली तेव्हा अगदी याच शब्दांत तिने आईला सांगितलं होतं. आणि पावगी तर डोकं दुखलं तरी गोळी न घेणारे.

"आणि रडू," पावगी जमिनीकडे बघत म्हणाले. "आमचा कुत्रा गुंड्या सहा महिन्यांपूर्वी गेला. निरोप आला त्या दिवशी मी दुसरी चपाती मागून घेतली. आज सकाळी दात घासताना रडलो."

शाल्मलीने दोन फेऱ्या मारल्या. तोंड उघडलं तर दाखला गेला, गाडी गेली. नाही उघडलं तर सातजणांना असं किती दिवस तडफडत ठेवायचं?

"डॉक्टर, राखीव टाकीतलं पाणी तपासू या. जुन्या गाळणीचं आहे ते."

"दर महिन्याला तपासतेस की."

"जंतू आणि क्षार. यादी मीच केली. माझ्या गोळीचं नाव नाही घातलं त्यात. यादी स्वयंपाकघराच्या भिंतीवर लागते, म्हणून."

डॉक्टरांनी नमुना घेतला. वीस मिनिटांत पडद्यावर टोकदार रेघ उभी राहिली.

"शरीर ही गोळी फारशी मोडत नाही, मूत्रातून बाहेर टाकतं," त्या म्हणाल्या. "जुनी गाळणी ती अडवत नव्हती. पाण्यात साठत गेली."

"सातजणांत वाटून राहिली किती? चिमूटभर," पावगी म्हणाले.

"तीच तर गोम आहे, सर. मेंदूत हे औषध जी दारं अडवतं ती मोजकी. पहिल्या चिमटीतच निम्म्याहून जास्त अडतात, उरलेली गोळी राहिलेल्या दारांसाठी. म्हणून शेवटची चिमूट सोडणं सगळ्यात जड. आपण सगळ्यांनी ती नऊ दिवसांपूर्वी एका झटक्यात सोडली."

"म्हणजे मी सोडलीच नव्हती," शाल्मली म्हणाली.

"आणि मी घेत होतो," पावगी हळूच म्हणाले.

शाल्मलीचा पाय थांबला. "राखीव टाकी भरलेली आहे. आजपासून जुनंच पाणी प्यायचं, आणि दर आठवड्याला त्यात थोडं नवं मिसळत जायचं."

"आधी सगळ्यांना विचारून," डॉक्टर म्हणाल्या.

"मी विचारतो." पावगी दारापर्यंत जाऊन परतले. "तांडेल, दाखल्याचं काय?"

"राहू द्या, सर. नियमाने मला गाडी चालवता येत नाही."

"नियमाने इथे कुणालाच येत नाही. मग पावणेदोन वर्षं एक ओरखडा न उठवता चालवली कुणी?" त्यांनी खिशातून नियमाचा कागद काढला आणि आडवी रेघ मारली. "चुटचुट थांबेपर्यंत गाडी उभी. मग तूच काढ."

शाल्मलीने टाकीचा नळ सोडून पेला भरला आणि त्यांना दिला. पावगींनी आत बराच वेळ पाहिलं.

"दर आठवड्याला किती कमी करणार?"

"दहावा भाग, सर."

पावगींनी एक घोट घेतला, मान अगदी सावकाश वळवून पाहिली, आणि पेला दोन्ही हातांत धरला.

"विसावा कर," ते म्हणाले. "घाई कसली आहे?"