टिटवीची वकील

एका हातात चष्म्याची तुटकी काडी आणि खिशात उरलेला चष्मा घेऊन तो दुकानात शिरला आणि भिंतीवरच्या आरशालाच म्हणाला, "नमस्कार!"

"मी इकडे आहे," काउंटरमागून ती म्हणाली आणि हसू लपवायला खाली वाकली.

दुकान तिच्या काकांचं. काका आतल्या खोलीत मशीनवर काचा घासायचे आणि बाहेरचं गिऱ्हाईक ती सांभाळायची.

"फ्रेम नवीच लागेल. बसा, अंतर मोजते."

दोन बुबुळांमधलं अंतर मोजायचं तर समोर बसून माणसाच्या डोळ्यांत सरळ बघावं लागतं. रोजचंच काम, तिला त्याचं काही वाटत नसे. आज मात्र... तपकिरी डोळे होते ते, आणि नीट दिसत नसल्यामुळे की काय, फार विश्वासाने बघत होते.

"हलू नका."

"मी नाही हललो," तो हळूच म्हणाला, "पट्टी हलली."

तिने घाईघाईने नजर काढली, ती काउंटरवरच्या त्याच्या मोबाइलवर पडली. बोराएवढी अक्षरं. आणि ती अक्षरं तिला तोंडपाठ होती!

"ही... ही टिटवीची कथा आहे? तुमच्याकडे अजून आहे?"

"उतरवून ठेवली होती. तुम्हीही वाचता?"

वाचता? टीव्हीवरची ती बोटीची मालिका निम्म्यातच बंद पडली होती. कप्तानबाई वादळात, डॉक्टर किनाऱ्यावर, आणि पडदा पडला तो पडलाच. मग चाहत्यांनीच पुढच्या कथा लिहून इंटरनेटवर टाकायला सुरुवात केली. त्या फॅन फिक्शनच्या गर्दीत टिटवी या नावाने कुणीतरी लिहायचं. कोण, कुठली, कुणालाच ठाऊक नव्हतं. पण तिने लिहिलं की समुद्र घरात यायचा. आणि मग कानसेन नावाच्या कुणीतरी जाहीर केलं, की टिटवीच्या सगळ्यात गाजलेल्या कथेत कप्तानबाई सांगते ती समुद्राची गोष्ट चोरीची आहे, रेडिओवरच्या एका जुन्या कथावाचनातून शब्दन् शब्द उचललेली. झालं! लोक तुटून पडले. टिटवीने हूं की चूं न करता सगळ्या कथा काढून टाकल्या.

"त्या कानसेनला मी कालच धुऊन काढला," ती तावातावाने म्हणाली. "लिहिलं त्याला, नुसते कान आहेत म्हणून कुणी कानसेन होत नाही. कान गाढवालाही असतात, आणि चांगले लांब असतात!"

"हो... वाचलं मी." त्याचे कान हळूहळू लाल होत गेले. "तो कानसेन — मीच."

आत काकांचं मशीन थांबलं. काका ऐकत होते.

तो रेडिओ केंद्रात कामाला होता. जुन्या टेपांमधले आवाज संगणकावर उतरवून घ्यायचा. असंच एकदा एका टेपमधून टिटवीची वाक्यं ऐकू आली. "मला आनंद नाही झाला हो. आपलंच माणूस खोटं निघाल्यासारखं वाटलं. म्हणून लिहिलं."

"आणि तिला एकदा विचारावंसं नाही वाटलं? गावभर दवंडी पिटण्याआधी?"

त्याने हातातली तुटकी काडी काउंटरवर ठेवली.

"मला ती टेप ऐकायचीय. ऐकवलीत तरच चष्मा मिळेल."

"चष्मा उद्या मिळेल हो!" आतून काका ओरडले. "तिचं काय ऐकताय!"

दुसऱ्या दिवशी नवा चष्मा घालून तो तिला न्यायलाच आला. केंद्रातली ती खोली इतकी शांत होती, की स्वतःचा श्वासही परका वाटावा. टेपची चाकं फिरू लागली. खरखर झाली, आणि एका पुरुषाचा खोल, उबदार आवाज आला —

"समुद्राला झोप येत नाही, चिमणे. म्हणून तो किनाऱ्याची पाठ थोपटत बसतो. आणि किनारा झोपला, की त्याचं स्वप्न हा चोरून बघतो..."

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. हीच वाक्यं ती रडू आलं की वाचायची. सगळं तेच होतं. चिमणेसुद्धा. त्याच्या मोबाइलवरच्या ओळींवरून फिरणारं तिचं बोट थांबलं.

"बघा, म्हणालो नव्हतो?" असं तो म्हणाला असता, तर ती तिथून उठून गेली असती. पण त्याने नुसती टेप थांबवली आणि पाण्याचा पेला तिच्यासमोर सरकवला.

"आवाज कसला आहे ना?" ती डोळे पुसत म्हणाली.

"म्हणून तर मी हे काम सोडत नाही," तो म्हणाला. त्याचे डोळेही कोरडे नव्हते.

तिथेच बसून तिने टिटवीला लिहिलं. रागावली नाही, बाजूही घेतली नाही. एवढंच विचारलं, 'ही गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली?'

उत्तर लगेच आलं. 'माझे बाबा सांगायचे, मला झोपवताना. मी लहान असतानाच ते गेले. गोष्ट त्यांचीच, असं मी आजवर समजत होते. आता वाटतं, त्यांनीही कुठे तरी ऐकली असणार. मग कुठल्या तोंडाने बोलू?'

तिने मोबाइल त्याच्यापुढे धरला. त्याने वाचलं. दोघांनी एकदमच त्या टेपकडे पाहिलं.

"बोलवा त्यांना," तो म्हणाला.

टिटवी आल्या त्या बसचालकाच्या गणवेशात. पिकलेले केस, हातावर उन्हाने रापलेली रेघ. तिच्या मनातली टिटवी उंच होती, वाऱ्यात पदर उडणारी. ती बघतच राहिली. "तुम्ही... समुद्राकाठी राहता?"

"छे गं," टिटवी ओशाळून हसल्या. "मी समुद्र पाहिलाही नाही."

त्याने टेप लावली. पहिला शब्द उमटला मात्र, टिटवी खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. वडील खोलीत आले की मुलं उठतात, तशा. मग त्यांचे ओठ हलू लागले. टेपमधला आवाज पुढचं वाक्य घ्यायच्या आधीच ते वाक्य त्यांच्या ओठांवर यायचं. वडील बोलत होते, लेक बोलत होती, आणि मधली सगळी वर्षं जणू नव्हतीच. काचेपलीकडे उभ्या असलेल्या तिला कळलंच नाही, की आपण त्याची बाही घट्ट धरली आहे. त्याला कळलं होतं. तो हलला नाही.

टेपच्या शेवटी निवेदिकेने लेखकाचं आणि वाचणाऱ्याचं नाव सांगितलं. नाव एकच होतं.

"बाबा माझे," टिटवी पुटपुटल्या. "मला सांगायचे तीच गोष्ट रेडिओला दिली होती तर त्यांनी! शब्द मी जपले होते, पण आवाज... आवाज विसरले होते गं मी."

तो मान खाली घालून पुढे आला. "चुकलो, ताई. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं."

"हवंच होतं," त्या म्हणाल्या. मग त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "पण तू ऐकलंस म्हणून मला ऐकायला मिळालं, बाळा."

त्याच संध्याकाळी कानसेनने आरोप मागे घेतला, आडपडदा न ठेवता. तिनेही लांबलचक उत्तर लिहिलं होतं, एकेकाला नावानिशी झोडपणारं. ते सगळं पुसून तिने एवढंच ठेवलं — 'एका बापाने लेकीला दिलेली गोष्ट लेकीने आपल्याला दिली. आपण तिला चोर म्हणालो.' टिटवीच्या कथा परत आल्या, आणि त्या कथेच्या माथ्यावर बाबांचं नाव आलं. लोक माफी मागत होते. काही मागत नव्हतेही.

ते दोघं केंद्राच्या पायऱ्यांवर बसून हे सारं वाचत होते. दिवे लागत होते, वारा गार होता, आणि दोघांनाही उठावंसं वाटत नव्हतं.

"अहो कानसेन," ती म्हणाली, "अशा किती टेपा असतील हो आत? कुणाकुणाचे बाबा, कुणाकुणाची आई..."

"कपाटंच्या कपाटं भरलीत. याल ऐकायला? म्हणजे... रोज?"

"चालेल तुम्हाला?"

"चालेल. पण एक करा. ते 'कानसेन' आता नको."

"बरं. मग काय म्हणू?"

"पुढचं काढून टाका," तो समोर रस्त्याकडे बघत म्हणाला. "नुसतं 'अहो' राहू द्या."

अर्थ तिच्या ध्यानात यायला क्षणभर गेला. मग कानशिलं तापली, ओठांवर शब्द येऊन परत फिरला, पुन्हा आला.

"अहो..." तिने अगदी हलकेच म्हणून पाहिलं.

आयुष्यभर आवाज ऐकत आलेला तो माणूस असा वळला, जणू आज पहिल्यांदाच काहीतरी ऐकू आलं होतं.